उचगावच्या शिवेवरून दिसलेलं संस्थान

कोल्हापूरचं राज्य घरातल्या भांडणातून निघालं. छत्रपती राजाराम महाराज मार्च 1700 मध्ये सिंहगडावर वारले, तेव्हा त्यांची राणी ताराबाई हिचं वय जेमतेम पंचवीस. हंबीरराव मोहित्यांची ही लेक. लहानग्या मुलाला, म्हणजे दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून तिनं पुढची सात वर्षं औरंगजेबाला दख्खनेत पळवलं. बादशहा 1707 साली मेला. त्याच्या वारसांनी संभाजीपुत्र शाहूला मोगली छावणीतून सोडून दिलं आणि मराठ्यांच्या दौलतीला एकदम दोन धनी झाले. ऑक्टोबर 1707 मध्ये खेडजवळ चुलतीची आणि पुतण्याची फौज समोरासमोर आली. शाहूंची सरशी झाली. जानेवारी 1708 मध्ये साताऱ्याला त्यांना राज्याभिषेक झाला आणि ताराबाई पन्हाळ्याकडे वळल्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथं वेगळी गादी उभी राहिली. पुढं जिला करवीर म्हणायचे, तीच ही गादी.

या गोष्टीकडे बघायला आपण उचगावला उभं राहू. करवीर तालुक्यातलं हे गाव कोल्हापूर शहराला खेटून आहे. पुणे-बेंगळूर महामार्ग गावाला लागून जातो, हुपरीचा रस्ता गावावरून पुढं मुडशिंगीकडे सरकतो. एका अंगाला गांधीनगर आणि वळिवडे, दुसऱ्या अंगाला सरनोबतवाडी आणि उजळाईवाडीचा विमानतळ. पन्हाळ्याच्या बुरजावरून किंवा नव्या राजवाड्याच्या दारातून पाहिलं की इतिहास राजांचा होतो. वेशीबाहेरच्या गावातून पाहिलं की प्रश्न बदलतो. गादीवर कोण, हे ठरल्यानं सारा भरणाऱ्या माणसाचं काय झालं, असं विचारावंसं वाटतं. त्या बाजूनं पाहता मला एक गोष्ट ठळक दिसते. या संस्थानानं दर वेळी काहीतरी गमावलं आणि गमावल्यानंतरच आपण कोण, हे नव्यानं ठरवलं.

पहिलं गमावणं ताराबाईंचंच. 1714 साली त्यांची सवत राजसबाई हिनं पन्हाळ्यावर सत्ता उलथवली, ताराबाईंना मुलासह कैदेत टाकलं आणि आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं. या संभाजींनी पुढं साताऱ्याशी उभा दावा मांडला, निजामाची मदत घेतली, आणि 1730 मध्ये वारणेच्या काठी त्यांचा तळच लुटला गेला. त्या लुटीत ताराबाई शाहूंच्या हाती लागल्या. परत पाठवण्याची तयारी असताना त्या साताऱ्यातच राहिल्या. सवतीच्या मुलाच्या कैदेपेक्षा पुतण्याची कैद बरी, असा हिशेब त्यांनी केला असावा. पुढची एकतीस वर्षं, 1761 च्या डिसेंबरात मरेपर्यंत, कोल्हापूरच्या गादीची संस्थापक साताऱ्याच्या राजकारणात राहिली. पानिपतची बातमीसुद्धा त्यांनी ऐकली.

फेब्रुवारी 1731 मध्ये कऱ्हाडजवळ जखिणवाडीला दोघा चुलतभावांची भेट झाली आणि 13 एप्रिलला वारणेचा तह ठरला. वारणा नदी ही हद्द. दक्षिणेकडचा मुलूख संभाजींचा, उत्तरेकडचा शाहूंचा. तहाचं महत्त्व शाळेच्या पुस्तकात 'दोन राज्यांची विभागणी' एवढ्यावर संपतं. पण त्या दिवसापासून कोल्हापूर हे आकारानं ठरलेलं राज्य झालं. साताऱ्याच्या नावानं पेशवे पुढं अटकेपर्यंत गेले, कोल्हापूरला मात्र उत्तरेचा रस्ताच उरला नाही. उरलं ते वारणेच्या खालचं पाणीदार खोरं, सह्याद्रीतले गड, खालची कोकणपट्टी, आणि थोरल्या महाराजांच्या, म्हणजे शिवछत्रपतींच्या, रक्ताचा दावा.

हा दावा टिकवणंही सोपं नव्हतं. 1760 मध्ये संभाजी निपुत्रिक वारले तेव्हा पेशव्यांना हे राज्य साताऱ्यात मिळवून टाकायचं होतं. राणी जिजाबाईंनी ते होऊ दिलं नाही. 1762 साली माधवराव पेशव्यांच्या संमतीनं दत्तक झाला आणि 1773 मध्ये मरेपर्यंत बाईंनी पन्हाळ्यावरून कारभार हाकला. कोल्हापूरच्या इतिहासात दत्तकविधान हा शब्द पुढं इतक्या वेळा येतो की कधी कधी गादी वंशापेक्षा कागदावर जास्त चालली असं वाटतं. 1866, 1871, 1884, 1947: दर वेळी कुठल्या तरी घरातला मुलगा आणून बसवला गेला. दत्तक राजाला आपण कोणाचे वारस, हे सतत सिद्ध करावं लागतं. ही बाब ध्यानात ठेवू. दीडशे वर्षांनी तिच्यातूनच मोठा स्फोट होणार आहे.

1782 च्या सुमारास राजधानी पन्हाळ्याहून खाली कोल्हापुरात आली. उचगावसारख्या गावांच्या दृष्टीनं ही घटना बाकीच्या लढायांहून मोठी. डोंगरावरचं सरकार सपाटीवर आलं, अंबाबाईच्या देवळाभोवतीचं तीर्थक्षेत्र राजधानी झालं आणि आजूबाजूची खेडी एकाएकी राजधानीच्या शिवेवरची गावं बनली. दूध, भाजी, वैरण, मजूर यांना हाताशी बाजार मिळाला. शहराशी असलेलं हे देणं-घेणं तेव्हापासूनचं, आणि त्यातली कुरबुरही तेव्हापासूनचीच असणार.

पुढचा काळ पटवर्धन, पेशवे, निपाणकर यांच्याशी झालेल्या लढायांचा. 1799 मध्ये पट्टणकुडीला परशुरामभाऊ पटवर्धन पडले, एवढं सांगून मी पुढं जातो. त्या लढायांनी कोल्हापूर दमलं, घडलं नाही. घडलं ते 1812 च्या तहानं. इंग्रजांनी पेशव्यांपासून संरक्षणाची हमी दिली आणि बदल्यात मालवण, म्हणजे सिंधुदुर्ग घेतला. शिवाजी महाराजांनी बांधलेला जलदुर्ग गेला आणि कोल्हापूरचा समुद्र संपला. एकेकाळी कोल्हापूरच्या गलबतांचा इंग्रज व्यापाऱ्यांना एवढा उपद्रव होता की त्यासाठी मोहिमा काढाव्या लागत, हे आज रंकाळ्यावर भेळ खाणाऱ्याला सांगितलं तर खोटं वाटेल. 1820 च्या दशकातल्या पुढच्या तहांनी फौजेची संख्या बांधून दिली आणि चिकोडी-मनोळीचा मुलूख परत काढून घेतला.

समुद्र गेला, फौज गेली, मग गड गेले. 1843 मध्ये राजा अज्ञान असताना इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. त्यांनी कारभाराला शिस्त लावताना गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था गडाकडून काढून मामलेदाराकडे दिली. कागदावर ही साधी प्रशासकीय सुधारणा. पण गडकरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गडाच्या राखणीवर जगणारी माणसं. त्यांची भाकरी आणि मान दोन्ही त्या जमिनीत होते. 1844 च्या पावसाळ्यात सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगड पेटला, कोल्हापुरात कारभाऱ्यांनाच कैद झाली, कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी पन्हाळ्यावर अडकवला गेला. सामानगड ऑक्टोबरात पडला, पन्हाळा 1 डिसेंबरला. त्यानंतर तटबंद्या पाडल्या गेल्या. पन्हाळ्याचा चार दरवाजा तेव्हा जमीनदोस्त झाला. आज तिथं नाव आहे, दरवाजा नाही. मोहिमेचा खर्चही संस्थानावरच बसवला गेला. राखणदाराला मारून पहारेकऱ्याचं बिल घरमालकाकडे पाठवावं, तसा हा व्यवहार.

1857 मध्ये कोल्हापुरातली 27 वी देशी पलटण 31 जुलैला उठली. राजे इंग्रजांच्या बाजूनं राहिले. त्यांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्याभोवती असंतोष जमला. डिसेंबरात शहराच्या वेशी बंद झाल्या, जेकब या अधिकाऱ्यानं त्या उडवून आत शिरून शिक्षा केल्या. चिमासाहेबांना कराचीला नेलं आणि 1869 मध्ये ते तिथंच गेले.

मधल्या काळात एक घटना कोल्हापूरबाहेर घडली आणि तिनं कोल्हापूरची किंमत वाढवली. 1848 मध्ये साताऱ्याचे राजे निपुत्रिक वारले, तेव्हा डलहौसीनं दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केलं. काही वर्षांत तंजावरचं मराठी राज्यही संपलं. शिवछत्रपतींच्या वंशाची राज्य करणारी गादी आता एकच उरली, ती कोल्हापूरची. भांडणातून निघालेली, आकारानं आकसलेली, तलवार काढून घेतलेली ही गादी अवघ्या महाराष्ट्राच्या स्मृतीची एकटी मालकीण झाली. तिच्या हातात फार काही नव्हतं, पण तिच्या अंगाला हात लागला की पुण्यामुंबईत लोक पेटायचे.

पेटले कसे, ते 1882 मध्ये दिसलं. दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे आहेत असं इंग्रज सरकार म्हणत होतं. दिवाण माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात, असा मजकूर 'केसरी' आणि 'मराठा'नं छापला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी पुण्याचे दोन ब्राह्मण संपादक तुरुंगात गेले, हे वाक्य आज वाचताना थांबायला होतं. महाराजांचा मात्र 25 डिसेंबर 1883 ला अहमदनगरच्या किल्ल्यात अंत झाला, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर. त्यांच्या आधीचे राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले होते. आर्नो नदीकाठी त्यांचं दहन झालं, तिथं त्यांचा पुतळा आहे आणि जवळचा नंतर बांधलेला पूलही 'भारतीयाचा' म्हणून ओळखला जातो. दोन तरुण राजे तेरा वर्षांत गेले. दोघांनाही स्वतःचा कारभार असा करायला मिळालाच नाही.

17 मार्च 1884 ला कागलच्या घाटगे घराण्यातला दहा वर्षांचाही न झालेला यशवंतराव दत्तक आला आणि शाहू झाला. 2 एप्रिल 1894 ला त्यांच्या हाती कारभार आला. कोल्हापूरची ओळख म्हणून जे आज सांगितलं जातं त्यातलं निम्मं त्यानंतरच्या 28 वर्षांतलं आहे. म्हणून इथं जरा बसू.

शाहूंच्या हाती आलेलं राज्य सुमारे 3,165 चौरस मैलांचं; 1901 च्या खानेसुमारीत लोकसंख्या 9,10,011. तोफांची सलामी 19. राज्य हाती आलं तेव्हा दरबारच्या 71 वरिष्ठ जागांपैकी 60 वर ब्राह्मण होते. शाहूंच्या मनात सुरुवातीला काही क्रांती होती, असं मला वाटत नाही. राजकोटच्या राजकुमारांच्या कॉलेजात आणि नंतर धारवाडला शिकलेला, कुस्तीचा आणि शिकारीचा नाद असलेला हा तरुण चांगला राजा होऊ पाहत होता, एवढंच. कलाटणी मिळाली ती पंचगंगेवर.

1899 च्या कार्तिकात महाराज पहाटे नदीवर स्नानाला जात. सोबतचा पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, ही गोष्ट बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिली. पुरोहिताचं म्हणणं साधं होतं: शूद्राला वेदोक्ताचा अधिकार नाही. हा अपमान एका माणसाचा म्हणून बहुतेक ठिकाणी सांगितला जातो. मला तो गादीचा वाटतो. ज्या गादीकडे समुद्र, फौज, गड यांतलं काहीच उरलं नव्हतं, जिच्याकडे फक्त शिवछत्रपतींचा वारसा होता, आणि ज्या राजाचा हक्क दत्तकविधानाच्या धार्मिक विधीवरच उभा होता, त्याला नदीच्या घाटावर सांगितलं गेलं की तुझ्या धार्मिक विधीचा दर्जा वेगळा. उरलेली एकच गोष्ट हातातून जात होती. इंग्रज रेसिडेंटनं इतका मुळाला कधी हात घातला नव्हता.

राजोपाध्यांनी वेदोक्त विधीला नकार दिला आणि त्यांचं वतन जप्त झालं. प्रकरण शंकराचार्यांच्या मठापर्यंत, इंग्रज सरकारकडच्या अपिलापर्यंत, 'केसरी'च्या अग्रलेखांपर्यंत गेलं. वीस वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी तुरुंग पाहिलेले टिळक आता दुसऱ्या बाजूला उभे होते. पुढं 1920 मध्ये महाराजांनी क्षात्रजगद्गुरूचं पीठच स्थापन केलं आणि सदाशिवराव पाटील बेनाडीकरांना त्यावर बसवलं.

वादाचा शेवट एवढाच झाला असता तर तो राजघराण्याच्या मानपानाचा वाद ठरला असता. शाहूंचं मोठेपण हे की त्यांनी तो वाद आपल्यापुरता ठेवला नाही. राजालाच जर जन्मावरून अडवतात तर साळी, माळी, धनगर, महार, मांग यांचं काय होत असेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर कचेरीत शोधलं. 26 जुलै 1902 च्या करवीर सरकारच्या गॅझेटात जाहीरनामा आला: इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे मागासलेले, अशी व्याख्या. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते. भारतात सरकारी नोकऱ्यांत राखीव जागा देणारा हा फार आरंभीचा हुकूम, आणि तो निघाला एका आकसलेल्या संस्थानातून. गादीवर कोण बसायचं, यासाठी दोनशे वर्षं भांडलेल्या राज्यानं कारकुनाच्या खुर्चीवर कोण बसायचं, हा प्रश्न मांडला.

पण खुर्चीवर बसवायला माणूस शिकलेला हवा. त्यासाठी आधी 1901 मध्ये वसतिगृहं सुरू झाली होती: व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी एकेका समाजाची, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहं काढून शाहूंनी जात पक्की केली, अशी टीका तेव्हाही झाली, आजही होते. टीका अगदीच चुकीची नाही. मात्र खेड्यातून शहरात आलेल्या पोराला त्या काळी जातीबाहेरच्या घरात ओसरीही मिळत नव्हती, हे तिच्याशेजारी मांडून पाहावं.

खेड्यापर्यंत ही गोष्ट पोचली ती 1917 मध्ये. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड. पुढच्या वर्षी अंमल सुरू झाला तो करवीर पेट्यातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, चिखलीपासून. उचगावही याच पेट्यातलं. राज्य बदललं म्हणजे काय, हे वेशीबाहेरच्या गावाला इतक्या थेट क्वचितच कळलं असेल. गुरामागं जाणारं पोर शाळेत बसलं, की घरच्या कामाचा एक हात कमी झाला. न बसलं, तर रुपया गेला. त्या काळच्या मजुरीच्या मानानं रुपया ही जड रक्कम होती. हा कायदा गोड नव्हता, आणि गोड नव्हता म्हणूनच चालला.

त्याच सुमारास कुलकर्णी वतन बंद होऊन पगारी तलाठी आले, आणि 1918 मध्ये महार वतन खालसा करून त्या जमिनी रयताव्यानं कसणाऱ्यांच्या नावावर करण्याचा हुकूम निघाला. पिढ्यांच्या वेठीतून सुटका करणारी ही तरतूद. गावगाड्याला सगळ्यात मोठा हादरा हिनंच दिला असणार. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा 1919 मध्ये बंद करून मुलांना सार्वजनिक शाळांत घेण्याचा आदेश झाला. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं दुकान काढलं, तर महाराज स्वतः तिथं थांबून चहा घेत आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावत. यातला कायदा कुठला आणि खोडी कुठली, हे वेगळं काढणं अवघड.

21 आणि 22 मार्च 1920 ला रुकडीजवळच्या माणगावात अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवणारे 28 वर्षांचे डॉ. आंबेडकर. दोनच महिन्यांपूर्वी, 31 जानेवारीला, त्यांचं 'मूकनायक' निघालं होतं आणि त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. परिषदेत महाराज उठून म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. राजानं प्रजेला सांगावं की आता मी तुमचा पुढारी नाही, हा प्रसंग संस्थानांच्या इतिहासात दुर्मीळच. 6 मे 1922 ला महाराज मुंबईत वारले. वय 47. भोगावतीवरचं राधानगरीचं धरण त्यांनी हाती घेतलं होतं, ते पुरं झालं स्वातंत्र्यानंतर.

आता पुन्हा उचगावच्या शिवेवर येऊ, कारण पुढचे दोन प्रसंग तिथून हाकेच्या अंतरावर घडले.

शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांच्या कारकिर्दीत, 1939 मध्ये, उजळाईवाडीच्या माळावर विमानतळ सुरू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जयसिंगपूरला प्रजा परिषदेचं अधिवेशन भरलं. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार पुढं होते. एकाच वर्षी राजा विमानं उतरवतो आणि प्रजा जबाबदार राज्यपद्धती मागते. 1942 च्या आंदोलनात कोल्हापुरातल्या गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्यावर भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोन बायकांनी डांबर-ॲसिड फेकलं. वर्षभरात तो पुतळा फोडला गेला आणि 1945 मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं त्याच जागी बाबूराव पेंटरांनी घडवलेला शिवछत्रपतींचा पुतळा बसला. तो आजचा शिवाजी चौक. गादीनं जपलेला वारसा आता चौकानं मागून घेतला.

दुसरा प्रसंग वळिवड्याचा. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेनं पूर्व पोलंडातून लाखो माणसं सैबेरियात आणि मध्य आशियात हाकलली होती. त्यातले काही इराणमार्गे भारतात आले आणि 1943 पासून वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले, मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. मिरजेहून कोल्हापूरला येणारी रेल्वे 1891 पासून इथून जात होती, त्यामुळे जागा सोयीची. बराकींची वस्ती उभी राहिली. तिच्यात पोलिश शाळा, चर्च, दवाखाना, टपाल, नाटकं. पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांना भाजी, अंडी, दूध विकायला नवं गिऱ्हाईक मिळालं. राखीव जागा आणि सक्तीचं शिक्षण यांमुळे संस्थानाचं नाव भारतात झालं होतं. वळिवड्यामुळे ते वॉर्सापर्यंत गेलं. ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथल्या कोल्हापूर स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं.

1948 पर्यंत पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींत फाळणीनं घर सुटलेले सिंधी आले. वस्तीचं गांधीनगर झालं. सैबेरियातून आलेल्यांनी रिकाम्या केलेल्या खोल्यांत सिंधमधून आलेल्यांनी कापडाची दुकानं मांडली. आज सांगली-बेळगावपासूनचे दुकानदार घाऊक कापडासाठी तिथं येतात, आणि शेजारच्या उचगावचा पसाराही त्या बाजारानं वाढवला. कोल्हापूरची ओळख सांगताना तांबडा-पांढरा रस्सा, चपला, कुस्ती ही यादी होते. तिच्यात सिंधी कापडबाजार कुणी घालत नाही. घालायला हवा.

त्याच 1948 मध्ये संस्थानाचा शेवट सुरू झाला, आणि तो शोभेचा नव्हता. गांधीहत्येनंतर कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जळाली, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. वेदोक्तापासून चाललेल्या संघर्षात समतेचा जो धागा होता, त्याच्यासोबत द्वेषाचाही एक होता, आणि त्या दिवसांत तो उघडा पडला. शाहूंचा गौरव करणाऱ्या पुस्तकांत हे पान सहसा गाळलेलं असतं. दंगलींनंतर लोकनियुक्त मंत्रिमंडळ गेलं, कॅप्टन नंजप्पा प्रशासक आले. सांगली, मिरज वगैरे दक्षिणी संस्थानं 8 मार्च 1948 लाच मुंबई प्रांतात विलीन झाली होती. कोल्हापूर वर्षभर रेंगाळलं. शिवछत्रपतींची गादी विसर्जित कशी करायची, असा सवाल करणारे लोक होते. आता राजा कशाला, असं विचारणारेही होते. अखेर 1 मार्च 1949 ला, 1947 मध्ये दत्तक आलेल्या शहाजी महाराजांच्या कारकिर्दीत, विलीनीकरण झालं.

विलीनीकरणानं राज्याचा नकाशा जिल्ह्याच्या नकाशात जशाच्या तसा उतरला नाही. रायबागसारखा कानडी मुलूख बेळगाव जिल्ह्यात गेला आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत म्हैसूर राज्यात. उचगाव नावाचं दुसरं गाव बेळगाव तालुक्यात आहे, मळेकरणी देवीचं. मराठी बोलणारं, मराठी साहित्य संमेलन भरवणारं, आणि कर्नाटकात राहणारं. करवीरच्या उचगावला 1 मे 1960 नंतर आपण महाराष्ट्राचे, हे कुणाला पटवावं लागलं नाही; बेळगावच्या उचगावला ते अजून दर 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनी सांगावं लागतं.

संस्थान गेल्यावर जे गेलं, त्यातल्या एका गोष्टीची आठवण शहरानं सोडली नाही: हायकोर्ट. संस्थानाचं स्वतःचं उच्च न्यायालय होतं. विलीनीकरणानंतर पक्षकाराला मुंबई गाठावी लागली. खंडपीठासाठी वकिलांनी काही दशकं मोर्चे, उपोषणं, कामबंद केलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. राज्य परत आलं नाही, कज्जा मात्र गावाजवळ आला.

आणि एक वाद अजून मिटलेला नाही, त्यात उचगाव थेट पक्षकार आहे. कोल्हापूरची नगरपालिका 1854 ची. 1972 मध्ये तिची महापालिका झाली, तरी शहराची हद्द वाढली नाही. हद्दवाढीच्या प्रस्तावांत उचगावचं नाव पुन्हा पुन्हा येतं आणि गाव पुन्हा पुन्हा विरोध करतं. शहराचं म्हणणं: तुम्ही आमचे रस्ते, आमची केएमटीची बस, आमचे दवाखाने वापरता, मग आत या. गावाचं म्हणणं: घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षणं पडतील, ग्रामपंचायत जाईल, आणि शहरातल्याच खड्ड्यांचं आधी बघा. 2017 मध्ये तोडगा म्हणून 42 गावांचं प्राधिकरण निघालं. त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही. अपार्टमेंट उभ्या राहतात, उसाचे फड आटतात, महामार्गाच्या पुलाखाली संध्याकाळी गाड्या खोळंबतात, आणि हद्दवाढीचा विषय निघाला की ग्रामसभेत ठराव होतो, गाव बंद राहतं, शिष्टमंडळ मंत्र्यांना निवेदन द्यायला निघतं.